ऑस्कर नावाचा बुटका कुत्रा आणि दर शनिवारची लायब्ररी

मोरपंखी_जर्सी :

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर लागला की इकडे न्यू जर्सीत आमच्या लायब्ररीच्या लहान मुलांच्या विभागात शिरल्या शिरल्या हॅलोविनच्या (३१ ऑक्टोबरला मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात तो सण) पुस्तकांचं टेबल लागतं, आणि उशिरा गेलं की त्यावर काही म्हणजे काही शिल्लक नसतं. या शनिवारी आम्ही दार उघडायच्या आधीच जाऊन उभ्या राहिलो आणि लेकीच्या (पाच वर्षं) हाताला डेव्ह पिल्कीचं 'द हॅलो-वीनर' लागलं. १९९५ सालचं पुस्तक आहे, म्हणजे जुनंच, पण आमच्या घरी नवीन.

गोष्ट थोडक्यात सांगते. ऑस्कर नावाचा डॅशहंड आहे, तोच तो लांबोडका, आखूड पायांचा. बाकीचे कुत्रे त्याला त्याच्या आकारावरून चिडवतात. हॅलोविनला त्याला काहीतरी भीतीदायक व्हायचं असतं, पण आईने त्याच्यासाठी आधीच पोशाख करून ठेवलेला असतो, हॉटडॉगचा पाव (ज्यात लांबट सॉसेज घालतात तो)! आणि तो स्वतः त्या पावाच्या मधोमध. आता सगळे हसणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तरी आईला वाईट वाटू नये म्हणून तो तो पाव घालून बाहेर पडतो. मोहरी-बिहरी लावलेला पाव. इथेच माझा आवाज जरा अडखळला वाचताना.

पुढे बाकीचे कुत्रे पळत पळत सगळ्या घरचा खाऊ आधीच लाटतात, याला पावामुळे भरभर चालता येत नाही, मग एक राक्षस येतो, सगळे शूरवीर घाबरून पाण्यात उड्या टाकतात, आणि ऑस्कर मात्र त्या राक्षसाचं बिंग फोडतो. आत कोण असतं ते सांगत नाही, ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी वाचा.

शनिवारपासून हे पुस्तक रोज झोपताना वाचतोय आणि लेकीला यंदा ऑस्करच व्हायचंय. पण धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. मला दिवसेंदिवस असं वाटायला लागलंय की वर्षातून एकदा येणाऱ्या सणावर आपण इतका जीव टाकतो, पण मुलांचं बालपण ज्यात जातं ती दर आठवड्याची बारकी गोष्ट असते. आमची शनिवारची लायब्ररी तशी आहे. जुनी पुस्तकं परतीच्या खिडकीत तिनेच टाकायची, एकेक, टप्प असा आवाज यायला हवा. मग खिडकीजवळच्या त्याच बुटक्या खुर्च्या. मग नवीन पुस्तकांची पिशवी तिनेच ओढत आणायची, मी हात लावायचा नाही. बास, एवढंच. पण मला शुक्रवारी संध्याकाळपासून त्याचे वेध लागतात.

तर १) तुमचा आठवड्यातला असा छोटा आनंद कोणता? २) तो पावाचा पोशाख घरी कसा करायचा, शिवणकामवाल्या तायांनो मदत करा.

खारीबिस्कीट :

पहिली मी! मस्त धागा. माझा आनंद रविवारी सकाळचा, नवरा पोहे करतो आणि ओट्याजवळ मला फिरकू देत नाही. वर खोबरं-कोथिंबीर आणि बाजूला लिंबाची फोड. सहा दिवस सगळ्यांच्या हातात डबे दिल्यावर एक दिवस आयती बशी हातात येते, अजून काय पाहिजे माणसाला.

बाकी आपल्याकडे असता तर ऑस्करच्या आईने वडापावच केला असता :)

टेकडीवरचा :

पुस्तक छान वाटतंय, कुत्र्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण हॅलोविनबद्दल आहे. मोरपंखी ताई तुम्ही तिथे राहता, शेजारपाजारी सगळे करतात, मुलीने का करू नये, जरूर करावं. पण आमच्या पुण्यात आता सोसायट्यांच्या ग्रुपवर ऑक्टोबरमध्ये प्लास्टिकचे सांगाडे आणि कोळ्याची जाळी यांच्या ऑर्डरी फिरतात, आणि त्याच पोरांना दिवाळीचा किल्ला करायला माती कुठून आणायची हे माहीत नाही. किल्ल्यासाठी विटा, पोतं, माती, वर अळीव पेरायचे, हे चार दिवस सगळी गँग एकत्र चिखलात असायची. ते जाऊन हे येत असेल तर मला नको आहे.

छोटा आनंद विचाराल तर दर रविवारी पहाटे सिंहगड. वर पोचलं की मडक्यातलं दही. मावशी ओळखतात आता, सांगावं लागत नाही.

काजूगर :

टेकडीवरचा, किल्ल्याबद्दल एकदम सहमत, पण भीतीदायक सोंगं आपली नाहीत असं म्हणू नका हां! आमच्या गोव्यात या एकदा नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री. वाड्यावाड्यावर नरकासुर उभे असतात, कागद, गवत, तारा, हे मोठे सुळे, लाल डोळे, आणि पोरं महिनाभर रात्री जागून ते करतात. पहाटे जाळायचा, मग आंघोळ, मग पोहे, पाच तऱ्हांचे. मी लहान असताना नरकासुराच्या तोंडाकडे बघायचोच नाही, बाबांच्या मागे लपून फक्त पाय बघायचो.

आणि गंमत म्हणजे २०२४ साली नरक चतुर्दशी बरोब्बर ३१ ऑक्टोबरलाच आली होती. माझी बहीण टोरांटोत असते, तिच्याकडे पोरांना पहाटे उटणं लावून आंघोळ आणि संध्याकाळी त्याच पोरांना चेटकिणीची टोपी घालून दारोदार. एकाच दिवशी दोन्ही. पोरं भलती खूश.

हॅलोविनसुद्धा अमेरिकेतलं मुळातलं नाहीच, आयर्लंडहून गेलेल्या लोकांबरोबर तिकडे गेलं. तिकडे सलगम कोरून दिवे करायचे, अमेरिकेत भोपळे सापडले मोठे मोठे, मग भोपळे.

माझा आठवड्याचा आनंद : म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. आईबरोबर जायचो, आता बायकोला घेऊन जातो. घेण्यापेक्षा फिरणंच जास्त.

मधलीसुट्टी :

मी प्राथमिकला शिकवते, नाशिकला. हे पुस्तक आमच्या शाळेतल्या एका पालकांनी अमेरिकेहून आणून दिलं होतं त्यामुळे वाचलेलं आहे, मुलांना वाचूनही दाखवलंय. चित्रं अप्रतिम, मुलं खदखदून हसतात. पण मला शेवट खटकतो आणि इथे मोकळेपणाने लिहिते.

ज्याला चिडवलं त्याने आधी सगळ्यांना वाचवायचं, मग ते त्याला आपल्यात घेणार, खाऊ वाटून देणार, नवीन मानाचं नाव देणार. पण समजा राक्षस आलाच नसता तर? ऑस्कर दुसऱ्या दिवशी शाळेत गेला असता आणि परत तेच. माझ्या वर्गात जाड मुलगा आहे, चष्मा लावणारी आहे, तोतरं बोलणारा आहे. त्यांनी कुणाला वाचवायची वाट बघायची? त्यांना आज, आत्ता, काहीही पराक्रम न करता वर्गात मान मिळायला हवा. म्हणून मी पुस्तक वाचून झालं की मुलांना विचारते, राक्षस आला नसता तर गोष्ट पुढे कशी गेली असती? त्यावर मुलं जे बोलतात ना ते पुस्तकाहून मोठं असतं. एक मुलगी म्हणाली, बाई, एका कुत्र्याने जरी त्याच्यासाठी थांबायला पाहिजे होतं, सगळे पुढे पळाले तेव्हा.

मला वाटतं तिने नेमकं सांगितलं.

मोरपंखी_जर्सी :

मधलीसुट्टी बाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "एका कुत्र्याने तरी थांबायला पाहिजे होतं", हे मी आज रात्रीच लेकीला विचारणार.

पण शेवटाबद्दल मला थोडं वेगळं वाटतं. ऑस्कर जिंकतो तो अचानक धिप्पाड होऊन नाही, बुटका आहे म्हणूनच. तो जमिनीलगत असतो त्यामुळे राक्षसाच्या खालच्या बाजूला काहीतरी गडबड आहे हे त्यालाच दिसतं, उंच कुत्र्यांना दिसूच शकत नाही. आणि ज्या पावाला सगळे हसले त्याचाच पाण्यात तराफा होतो, सगळे त्यालाच धरून बाहेर येतात. म्हणजे आईने केलेली वस्तूच कामी आली. लेखकाने ते मुद्दाम केलंय, न सांगता. मला तो भाग फार आवडतो.

टेकडीवरचा, किल्ला आम्ही करतो! बेसमेंटमध्ये, कुंडीतली माती वापरून. अळीव देशी दुकानात मिळतात.

पिंपळपान :

लेखकाबद्दल थोडं, कारण ते या गोष्टीशी जोडलेलं आहे. डेव्ह पिल्कींना लहानपणी एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं) आणि डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला जड जाणं) होता, त्यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितलंय. वर्गात गप्प बसवत नसे म्हणून बाईंनी त्यांचं बाक बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवलं, आणि तिथे बसून ते चित्रकथा काढायचे. नंतर ज्यांनी जगभरच्या मुलांना वेड लावलं ते कॅप्टन अंडरपँट्स आणि डॉग मॅन तिथे व्हरांड्यातच जन्माला आले. तेव्हा वर्गाबाहेर काढलेल्या पोराने चिडवल्या जाणाऱ्या कुत्र्याची गोष्ट लिहावी हे मला अगदी साहजिक वाटतं. आईवडिलांनी मात्र त्यांना कायम धीर दिला असं ते सांगतात. ऑस्करची आई कुठून आली असेल याचा मी माझ्यापुरता अंदाज बांधलाय.

त्यांचंच 'द पेपरबॉय' मिळालं तर बघा. एक मुलगा आणि त्याचा कुत्रा अंधारात उठून पेपर टाकायला जातात, बास, दुसरं काही घडत नाही. १९९७ मध्ये त्याला कॅल्डेकॉट ऑनर, म्हणजे मुलांच्या चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मान, मिळाला. या धाग्याच्या दुसऱ्या अर्ध्या विषयाला ते पुस्तक जास्त जवळचं आहे.

माझा आनंद : मुंबईत महेश्वरी उद्यानाजवळ, किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळणे. शनिवारी अर्धा दिवस असतो ऑफिस.

मीअनु :

अवांतर पण उपयोगाचं. माझ्या मुलाला शेंगदाणे आणि काजू-बदामाची अ‍ॅलर्जी आहे, हॅलोविनला मिळालेल्या पिशवीतलं निम्मं त्याला खाता येत नाही. ज्यांच्या दारात निळसर हिरवा रंगवलेला भोपळा दिसेल त्या घरी खाऊव्यतिरिक्त काहीतरी मिळतं, स्टिकर, पेन्सिल, उड्या मारणारा चेंडू. ही पद्धत २०१४ पासून अमेरिकाभर पसरली. त्या घराशी पोचलं की माझा मुलगा धावतच सुटतो. तुम्हाला जमलं तर एक भोपळा रंगवून ठेवा, एवढीच विनंती.

माणदेशी_टेक्सास :

मोरपंखी, लायब्ररी म्हणालीस म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी वाचनमात्र.

आमच्या लायब्ररीत गुरुवारी संध्याकाळी कुत्रे येतात. खरंच! मुलांनी त्यांना पुस्तक वाचून दाखवायचं. ही कल्पना १९९९ साली सॉल्ट लेक सिटीत सुरू झाली, रीड नावाचा कार्यक्रम, आता खूप ठिकाणी असतं. कुत्रे शिकवलेले, तपासलेले असतात आणि त्यांचे मालक शेजारी बसतात. मुलाला एक वेळ मिळते, आमच्याकडे १५ मिनिटं, एक चटई, एक कुत्रा, एक पुस्तक.

माझा मुलगा तिसरीत आहे, मोठ्याने वाचायचं म्हटलं की पोटात दुखायला लागायचं त्याच्या. मनात वाचायचा, पण वर्गात उभं राहून वाचायचं म्हणजे संकट. पहिल्या गुरुवारी तो चटईच्या अगदी टोकाला बसला, कुत्र्याकडे पाठच करून. गोल्डन रिट्रीव्हर होती, म्हातारी, तोंडाभोवती पांढरी झालेली. ती उठली, त्याला वळसा घालून समोर आली आणि त्याच्या बुटावर हनुवटी टेकून पडून राहिली. आता पाय हलवता येईना! मग सुरू केलं त्याने. एका शब्दाला अडला, थांबला, मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, कुत्रीने जांभई दिली, आणि हा तिला म्हणाला, "नाही कळलं का? थांब, परत वाचतो." आणि तेच वाक्य परत वाचलं, न अडता. चित्र आलं की पुस्तक उलटं करून तिच्या नाकासमोर धरायचा, तिला दिसेपर्यंत पान उलटायचं नाही.

मी शेल्फामागे उभी राहून रडत होते, सांगायला लाज कसली.

आता बुधवारी रात्री तो पुस्तक निवडतो, "तिला" आवडेल असं. या आठवड्यात मी तुझं ऑस्करचं पुस्तक शोधतेय. आठवड्यातला माझा आनंद म्हणजे गाडीतून घरी येताना तो मागच्या सीटवरून सांगतो की आज तिला कुठला भाग आवडला.

खारीबिस्कीट :

माणदेशी ताई _/\_ ऑफिसात वाचलं, डोळे पुसले.

जुनेखोड :

आमचा आनंद रविवारी सकाळी साडेसातचा. नात डेन्व्हरला, तिकडे शनिवारची रात्र. सौ. आणि मी चहा घेऊन टॅबलेटसमोर बसतो. नात इंग्रजीत वाचते, मी तेच मराठीत माझ्या पद्धतीने रंगवून सांगतो, आवाज काढून. मागल्या रविवारी तिने कुत्रा वाचला आणि मी भुंकलो, तर शेजारच्यांचा मोत्या खरंच ओ द्यायला लागला. सांगलीत आता त्या वेळेला मोत्या आमच्या पायरीवर येऊन बसतो.

मुद्दा मांडायचा तर मोरपंखीताईंचं म्हणणं पटलं. दिवाळीला फोन येतो तेव्हा सगळे असतात, गडबड असते. रविवारचा आमच्या तिघांचाच.

रानवारा :

मी जनावरांची डॉक्टर आहे, नागपूरला. पुस्तकातला कुत्रा पोशाख घालतो म्हणून खऱ्या कुत्र्याला घालायचा विचार असेल तर चार गोष्टी सांगते, गोड धाग्यात कडू नको वाटायला.

एक तर चॉकलेट. त्यातलं थिओब्रोमीन कुत्र्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, म्हणून त्यांना बाधतं. जितकं काळं आणि कडू तितकं जास्त घातक. उलट्या, अस्वस्थपणा, छातीत धडधड, जास्त झालं तर झटके. मुलांची खाऊची पिशवी सोफ्यावर ठेवूच नका. साखर नसलेल्या बऱ्याच च्युइंगममध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असतं, ते तर फारच वाईट, रक्तातली साखर एकदम खाली येते. कुत्र्याने काही खाल्लंय असं कळलं तर लक्षणं दिसायची वाट बघायची नाही, वेष्टन घेऊन लगेच डॉक्टरकडे. घरच्या घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही.

पोशाखाचं म्हणाल तर कुत्रा ओठ चाटतोय, परत परत जांभया देतोय, कान मागे पाडून पुतळ्यासारखा उभा आहे, म्हणजे त्याला ते नकोय. काढा लगेच. फोटो नाही मिळाला तरी चालतो. आणि ऑस्करच्या जातीला पाठीच्या मणक्यांचा त्रास फार होतो, त्यांना उंच सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, उचलताना पुढून आणि मागून दोन्हीकडून आधार द्या.

दिवाळीत आमच्याकडे फटाक्यांनी घाबरून पळालेली कुत्री येतात. तिकडे हॅलोविनला सारखी बेल वाजते, दार उघडं राहतं, तेव्हाही पळतात. त्या दिवशी आतल्या खोलीत ठेवा, गळ्यात नंबर असलेला पट्टा हवाच.

खारीबिस्कीट :

रानवारा, मनुका चालतात का? आमचा ब्रूनो सत्यनारायणाच्या शिऱ्यावर टपून असतो.

रानवारा :

अजिबात नाही! द्राक्षं आणि मनुका दोन्ही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक, आणि किती खाल्ल्यावर बाधेल ते सांगता येत नाही, कुणाला थोड्यानेही होतं. ब्रूनोला प्रसाद म्हणून साधा भात द्या.

माझा आनंद राहिलाच. बुधवारी दवाखाना दुपारी बंद असतो. फोन बंद करून झोपते.

टेकडीवरचा :

काजूगर, नरकासुराचं मान्य. तो तुमचा, तिथल्या मातीतला, पोरं हाताने करतात. विकत आणलेल्या सांगाड्याबद्दल माझं मत तेच. पण मोरपंखी ताईंच्या लेकीचा पोशाख घरी शिवणार असाल तर तो माझ्या हिशेबात किल्ल्याच्याच रांगेत बसतो.

नऊवारी :

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, कारण एवढ्या प्रतिसादात पाव कुणीच शिवला नाही!

फोम आणू नका, महाग पडतो आणि कापताना भुगा होतो. घरात जुनं कम्फर्टर असेल ते घ्या. मुलीच्या खांद्याखालपासून गुडघ्याच्या वरपर्यंत माप घ्या, गुडघ्याखाली जाता कामा नये, पायऱ्या चढताना अडकेल. तेवढ्या लांबीच्या दोन जाड वळकट्या करा, एक डाव्या बाजूला एक उजव्या. टोकं आत दुमडून गोल करा म्हणजे पावाचा आकार येतो. त्यावर फिकट तपकिरी फ्लीसची खोळ. मग गोधडीला घालतो तसा मोठा धावदोरा आरपार घाला तीन-चार ठिकाणी, नाहीतर आतलं सगळं खाली घसरतं. दोन्ही पाव खांद्यावरून रुंद पट्ट्यांनी जोडा, कमरेला इलॅस्टिक. मुलीला आत लालसर तपकिरी टीशर्ट-पँट, डोक्याला हेअरबँडवर लोंबते कान. पुढे पिवळ्या फेल्टची नागमोडी पट्टी, ती मोहरी.

आणि पाठीला चमकणारी टेप लावा, अंधारात गाड्यांना दिसली पाहिजे.

मोरपंखी_जर्सी :

नऊवारी ताई, साष्टांग! साताऱ्याहून सासूबाई आल्यात दोन महिन्यांसाठी, त्यांनी तुमचा प्रतिसाद वाचला आणि टेप न घेता वितीने माप घेऊन मोकळ्या झाल्या. धावदोरा त्याच घालणार आहेत, मला फक्त सुईत दोरा ओवायचं काम. त्यांचं म्हणणं कम्फर्टरपेक्षा जुन्या चादरीच्या घड्या बऱ्या, धुता येतात.

लेकीला "थांबायला पाहिजे होतं"चं विचारलं. ती म्हणाली, मी थांबले असते पण मी कुत्रा नाहीये ना. मग बराच वेळ विचार करून म्हणाली, शेजारचा छोटा हळू चालतो, त्याच्याबरोबर जाऊ आपण.

एकच शंका, तिच्या दुसऱ्या आजीचं घर चालत जाण्यासारखं नाही, गाडीत नेताना हा पाव घालून कारसीटमध्ये बसेल का?

नऊवारी :

नाही, गाडीत घालायचा नाही. जाड कपड्यावरून पट्टे बांधले की ते अंगाला नीट बसत नाहीत, थंडीतले फुगीर जॅकेट काढायला सांगतात ना तेच कारण. खांद्याच्या पट्ट्या शिवून टाकू नका, एका बाजूला वेलक्रो लावा, उतरल्यावर डोक्यावरून न घालता बाजूने चढवता येईल. सासूबाईंना सांगा वेलक्रोचा खरखरीत भाग बाहेरच्या बाजूला ठेवा, मुलीच्या मानेला टोचणार नाही. आणि चादरीच्या घड्या चालतील, फक्त आत एक उशी घाला, नुसत्या चादरी जड होतात.